नऊ ग्रॅम

पिस्टन रुमालात बांधून आम्ही गेलो
ढोमणे सराफाच्या पेढीवर.
वडनेरात ग्रॅमच्या आतलं मोजणारा काटा
तेवढाच एक, काचेच्या पेटीत.
"कोणाचं लगन हाय, मिस्त्री?"
रज्जाक मिस्त्रीनं उत्तर न देता मांडलं
पिस्टन, पिन, रिंगा, दोन बारक्या सर्कलिप,
मग कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक दोऱ्याला टांगून.
तीनशे बारा ग्रॅम.
सराफानं गुलाबी कागदावर लिहून दिलं
आणि सवयीनं खाली जोडलं,
पावणेसत्तावीस तोळे.

मिस्त्री पंचवीस वर्षं जिनिंगमध्ये होता.
रेचे थांबले, प्रेस भंगारात गेली,
तेव्हा थकलेल्या पगारात त्यानं उचलल्या
दोन सुऱ्या, हातभर लांब,
ज्यांनी आयुष्यभर सरकीपासून रुई सोडवली.
आता त्या लेथच्या पाठीवर समांतर उभ्या,
पाणसळीतला बुडबुडा मधोमध,
आणि त्यांच्या धारेवर क्रँक.
रॉडच्या डोळ्यातून लोंबणारा डबा,
डब्यात नट, वायसर, शेवटी चिमूटभर छर्रे.

"हात काढ. तिकडं श्वास बी नोको सोडू."

क्रँक हलली.
घाई नाही कसलीच,
म्हैस बसायच्या आधी जागा हुंगते तशी
थोडी इकडे, थोडी तिकडे,
मग जड अंग खाली घेऊन थांबली.

नवा पिस्टन हलका केला
म्हणून समोरचा भार जड झाला.
त्यानं काही खाल्लं नव्हतं,
तो होता तेवढाच होता.
मिस्त्रीनं त्याच्यावर खडूनं फुली मारली
आणि आम्ही लाईनची वाट पाहत
मुरमुरे खाल्ले.

अडीचला लाईन आली.
आठचा ड्रिल, दोन्ही चाकांना,
करंगळीच्या नखाएवढं खोल.
मिस्त्रीचा हात अलीकडे थरथरतो,
हँडल मी धरलं.
पुन्हा सुऱ्यांवर. पुन्हा थोडं.
पहाटे टिटवी ओरडून गेली तेव्हा
पिन नऊवर ठेवली, ती नऊवर राहिली.
चारवर ठेवली, चारवर.
साडेअकरावर ठेवून मी बाहेर तोंड धुवून आले,
साडेअकराच वाजलेले.

"म्हणजे आता हादरा गेला?"
"जाते कुठं?" मिस्त्री म्हणाला,
"एका पिस्टनच्या इंजिनात तो मरत नाही, पोरी.
वरखाली उड्या मारे, त्याले आडवा केला.
शंभरातले साठ आडवे, चाळीस उभे राहू देल्ले.
कोणत्या अंगानं सोसते ते पाहाचं, बस."

सकाळी कीस कागदात घेऊन मी एकटीच पेढीवर गेले.
नऊ ग्रॅम आणि वर थोडं.
सराफानं पारडं ब्रशनं झटकलं,
तसं पेढीत सगळंच झटकतात, खाली, दारापर्यंत.

शर्यत शंकरपटाच्या मैदानावर होती,
बैलांच्या खुरांनी भुगा झालेल्या काळ्या मातीत.
निलय तुमडाम, सतरा नंबर.
दोन फेऱ्या तो पुढे होता.
तिसरीत चेन तुटली.
इंजिन तसंच किंचाळत राहिलं रिकामं, अखंड,
कुठेही न अडखळता,
आणि गाडी ढकलत आणताना तो सांगत होता,
हँडल कसं गार होतं, ताटातल्या पाण्यासारखं,
फक्त पाय बधिर झालेत दोन्ही.
चेनबद्दल मिस्त्रीनं विचारलंच नाही.
"पायात गेला ना?" म्हणाला,
जणू नागपूरच्या गाडीत बसवून दिलेला कोणी
नीट पोचल्याचा फोन आला.

दिवाळीच्या आधी झारेकरी येतात.
पेढीसमोरची नाली उपसून
घमेल्यात धूळ घोळतात, पाणी बदलतात.
मी नळावर हंडा भरत उभी होते.
त्यातल्या म्हातारीनं सोन्याआधी
घमेल्यावरून चुंबक फिरवलं,
त्याला आलेली काळी मिशी
बोटानं निपटली
आणि न पाहता
मागे फेकली.